परदेशी पत्त्यांचे रजिस्टर

दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईंनी छत्तीस सालचे रजिस्टर तिसऱ्यांदा मिटले, हातावरची धूळ झटकली आणि टेबलापलीकडे बसलेल्या दोघांकडे पाहिले. त्या बघण्यात राग नव्हता. सलग तिसऱ्या सकाळी तेच दोन म्हातारे तोच कागद आणि तेच साल घेऊन आले की कोणीही जसे बघेल, तसे त्या बघत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नोव्हेंबर पाहिला, डिसेंबर पाहिला, तुमच्या समाधानासाठी ऑक्टोबरही पाहिला. या नावाच्या माणसाला आम्ही पुरलेलं नाही.”

“पुन्हा एकदा बघा ना,” धाकटी बहीण म्हणाली.

“पुन्हा बघितलं म्हणून माणूस वाढत नाही, बाई.”

बहिणीने हे भावाला मराठीत सांगितले. सांगायची गरज नव्हती. ही भाषा त्याला तिच्यापेक्षा चांगली येत होती. चाळीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढताना त्याने या भाषेतली पुस्तके वाचली होती, त्यांची कार्डे लिहिली होती. पण बोलायची वेळ आली की पहिलाच शब्द घशात आडवा बसायचा. बहिणीचे उलट होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करताना उचललेली दोनशे वाक्ये आणि दोन मोकळे हात एवढ्या भांडवलावर ती गेले तीन दिवस टॅक्सीवाल्यांपासून या बाईंपर्यंत सगळ्यांशी बोलत होती, आणि सगळ्यांना तिचे समजतही होते. तो एकाहत्तर वर्षांचा, ती सहासष्टची.

“आत्याला काय सांगायचं?” ती म्हणाली. “हजारो मैल जाऊन आलो आणि तुझा बाप सापडला नाही?”

आत्या एक्याण्णव वर्षांची होती आणि त्याच्याच घरी राहत होती. तिचे वडील, म्हणजे या दोघांचे आजोबा, इथल्या गोदीत सुतारकामाला आले तेव्हा ती रांगत होती. ती तीन वर्षांची असताना पत्र आले, की जहाजाच्या परांचीवरून पडून ते गेले आणि तिथेच त्यांना पुरले. सतरा नोव्हेंबर छत्तीस. वडिलांचा चेहरा तिला आठवत नव्हता. तिच्यापुरते वडील म्हणजे ती तारीखच होती. या वर्षी बाथरूममध्ये पडून ती तीन महिने अंथरुणावर होती, आणि उठून बसता आले त्या दिवशी तिने भाच्यांना बोलावून घेतले. “मी जायच्या आधी बाबाचा दगड मला दाखवा. फोटो चालेल. दगड नसला तर बसवा. नाव आणि तारीख, बाकी काही नको. आणि तारीख चुकवू नका रे बाळ्या, तू पुस्तकातच डोकं घालून असतोस.”

बाळ्याने आता खिशातून पेन काढले. पुस्तक लेखकाच्या नावाखाली मिळाले नाही तर विषयाखाली बघायचे, विषयाखाली मिळाले नाही तर पुस्तक कोणी दिले त्या देणगीदाराखाली. एका पुस्तकाची कार्डे कधीच एक नसतात. हे आपण पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते, असे त्याला आता वाटले; आणि आत्ताही विचारावे की नाही, बाईंना राग तर येणार नाही, असेही वाटले. शेवटी त्याने एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या, थडग्याची नोंद मेलेल्याशिवाय आणखी कुणाच्या नावाखाली असते का म्हणून, खाडाखोड केली, दुसऱ्या चिठ्ठीवर नीट उतरवून काढल्या आणि ती बाईंपुढे सरकवली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग त्याच्याकडे पहिल्यांदाच निरखून पाहिले.

“हे बोलू शकतात?” त्यांनी बहिणीला विचारले.

“घरीसुद्धा कमीच,” बहीण म्हणाली.

बाई हसल्या. “असं रजिस्टर आहे. पण ते कुणी मागत नाही.” प्रत्येक थडग्याची जबाबदारी कुणा ना कुणा माणसाच्या नावावर असते, त्यांनी समजावून सांगितले. दगड कलला, झाड पडले, रस्ता काढायचा झाला, तर पत्र कोणाला लिहायचे त्याची ती नोंद. ती मेलेल्याच्या नावाने लागत नाही, जिवंत माणसाच्या पत्त्याने लागते. शहरातले पत्ते बारा खंडांत होते. देशाबाहेरच्या पत्त्यांचे एकच रजिस्टर होते, शाळेच्या वहीएवढे.

त्या ते घेऊन आल्या आणि त्याच्याच पुढ्यात ठेवले.

तो बोट फिरवत गेला. सातव्या पानावर बोट थांबले. घराचा नंबर, गल्ली, गाव, तालुका. परक्या हाताने, परक्या अक्षरांत लिहिलेला तो पत्ता वाचताना क्षणभर त्याला तो ओळखूच आला नाही. आरशात पाठमोरे दिसल्यावर आपण आपल्यालाच ओळखत नाही तसे. मग घराचा जिना डोळ्यांपुढे आला, जिन्यावरचा तुटका कठडा आला.

“सापडलं,” तो म्हणाला.

“दाखव.”

तिने वाचले. आजोबांचे नाव होते, त्यांच्या वडिलांचे नाव होते, आडनाव होते. जबाबदार व्यक्तीचे नाते, भाऊ. स्थानिक नातेवाईक, कोणी नाही. शिळेवरचा मजकूर हा रकाना कोरा होता. वय चौपन्न. दफन, तीन मार्च साठ.

“साठ?” ती म्हणाली. “लिहिणाऱ्यानं साल चुकवलंय.”

त्याने पान उलटले, परत उलटले. वरच्या नोंदी साठच्या होत्या, खालच्याही साठच्या. त्याने चष्मा काढून पुसला. वय चौपन्न हेही त्या सालाशी जुळत होते. आजोबा सहा सालचे. चुकून साल चुकेल, वयही बरोबर तेवढेच चुकेल हे कसे?

“मग हा दुसराच कुणी असेल.”

“आणि त्याचा भाऊ आपल्या घरात राहणारा?”

“दादा, मला कोड्यात बोलू नकोस. मला आधीच काही कळेनासं झालंय.”

“मलाही,” तो म्हणाला, आणि ते खरे होते.

बाईंनी नकाशा उलगडून जागा दाखवली आणि स्वतःच कोट चढवला. सोबत येते म्हणाल्या. “त्या दगडावरची लिपी आमच्याकडे कुणालाच वाचता येत नाही. मी इथे आले तेव्हापासून तो रकाना कोरा आहे. माझ्या आधीच्या साहेबांनी एकदा फोटो काढून कुठेतरी पाठवला होता, उत्तर आलं नाही. आज तुम्ही आहात तर भरून टाकू.”

आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि वाटेवरची खडी बुटांखाली कुरकुरत होती. दोन्हीकडे दगडांच्या रांगा, काही सरळ, काही एकमेकांकडे कललेल्या. एका वळणावर गवत कापायचे यंत्र बंद पडले होते आणि माळी त्याला लाथ मारून पाहत होता.

दगड गुडघ्याएवढा होता, करडा, खालच्या बाजूने शेवाळलेला. त्यावर मराठी होते. या गावात तीन दिवसांत त्यांनी मराठी अक्षर पाहिले नव्हते, आणि ते इथे, गवतात, असे उभे होते. बहीण खाली वाकली आणि रुमालाने खालची ओळ पुसू लागली. आजोबांचे पूर्ण नाव. त्याखाली ‘मृत्यू १७ नोव्हेंबर १९३६’. त्याखाली ‘मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी’.

“हे बघ!” ती ओरडली. “छत्तीस! मी सांगत होते ना, त्या वहीतच घोळ आहे.”

त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्याचे त्यालाच ठरवता येईना. दगड त्यांच्या बाजूने बोलत होता आणि तरीही त्याला बरे वाटत नव्हते. रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला खोटे लिहायचे काही कारण नव्हते. त्याच्यासाठी हा एक सुतार होता, मार्चमध्ये मेलेला. आणि छत्तीस साली नोंदच नव्हती. तीन दिवस त्यांनी तीच तर पाहिली होती.

बाई दोन पावले मागे वही उघडून उभ्या होत्या. “काय लिहिलंय?”

“एक मिनिट,” बहीण त्यांना म्हणाली, आणि आवाज खाली आणून भावाला, “अरे, असा काय उभा आहेस? वाचून दाखव की त्यांना.”

“ते पत्र कुणी वाचलं होतं?” त्याने विचारले.

“कुठलं पत्र?”

“आजोबा गेल्याचं. छत्तीसचं.”

“तात्यांनी. दुसरं कोण वाचणार? घरात ही भाषा त्यांनाच येत होती.” बोलता बोलता ती थांबली. तात्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न न करता त्यांनी वहिनीला आणि दोन पोरांना सांभाळले, आणि पुढे या दोघांनाही. “पत्र येऊन तात्यांनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं आणि आजी खाली बसली, असं आत्या सांगते.”

“आपल्यापैकी ते पत्र कुणी पाहिलंय?”

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. उठायला वेळ लागला.

“साठ साली तात्या कुठे होते?” तिने विचारले. “मी दोन वर्षांची होते. तुला आठवत असेल.”

त्याला आठवत होते. सात वर्षांचा होता तो. तात्या डोळ्यांच्या उपचारासाठी मोठ्या दवाखान्यात गेले होते. थंडीत गेले आणि उन्हाळ्यात, चार महिन्यांनी आले, आणि आले ते तोच चष्मा, तीच दोरीने बांधलेली काडी घेऊन. त्यावरून घरात किती वर्षे चेष्टा चालली होती. कुणी फेरी मारून रिकाम्या हाताने परतला की वडील म्हणायचे, झाले वाटते तात्यांचे डोळे. तात्याही हसायचे.

“म्हणजे पत्रात तो मेल्याचं नव्हतंच,” बहीण हळूहळू म्हणाली. “येणार नाही, असं असेल. मला विसरा, असं असेल.”

“काय होतं ते आपल्याला माहीत नाही.”

“आणि तात्यांनी तिथल्या तिथे मारून टाकलं त्याला. उभ्या उभ्या.” तिचा आवाज चढला. “दादा, आजी पंचावन्न साली गेली. तेव्हा हा माणूस इथे धडधाकट होता! लाकूड तासत होता! शेवटच्या दिवशी ती त्याचं नाव घेत होती, आणि हा...” तिने दगडाकडे पाहिले, जणू तो कान देऊन ऐकत होता, आणि तोंड फिरवले. “नालायक.”

“दुसरा संसारही नव्हता,” तो म्हणाला. “स्थानिक नातेवाईक कोणी नाही, असं लिहिलंय.”

“मग का नाही आला?”

दुसरा संसार असता तर निदान गोष्ट कळली असती. आला नाही, कुणाचा झाला नाही, चोवीस वर्षे एका परक्या गावात राहिला आणि आजारी पडल्यावर कळवले ते भावाला. आणि भाऊ आला. पुरून, दगड बसवून, त्या दगडावरही घरी सांगितलेलीच तारीख घालून परत गेला. पुढे कधी घरातले कोणी इथवर आलेच, तर त्याला तेच वाचायला मिळावे म्हणून. आता तेच झाले होते.

“बाई थांबल्यात,” बहीण म्हणाली. तिने डोळे पुसले आणि एकदम कामाचा सूर लावला. “ऐक. आत्याला फोटो पाठव. तिला हवी ती तारीख दगडावर आहे. आपल्याला एक शब्द खोटा बोलायला नको.”

“पण ते खरं नाही.”

“तू कुठे बोलतोयस? दगड बोलतोय.”

“चुकीचं कार्ड लावण्यापेक्षा कार्ड नसलेलं बरं, चिमे.”

“एक्याण्णव वर्षांची बाई आहे ती, तुझं लायब्ररीतलं पुस्तक नाही! तिचा बाप तिच्यासाठी कमवायला गेला आणि पडून मेला. एवढीच इस्टेट आहे तिच्याकडे. ती काढून घेणार आहेस?”

त्याने मोबाइल काढला. पहिला फोटो हलला, दुसरा काढला. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. पाठवणे चूक वाटत होते आणि न पाठवणेही. मग अंगठा पडला. मुद्दाम दाबला की निसटला, हेही त्याला नीट सांगता आले नसते.

बाईंनी घड्याळ पाहिले. माळ्याचे यंत्र सुरू झाले, पुन्हा बंद पडले.

फोन वाजला तेव्हा बहिणीने तो स्पीकरवर टाकायला लावला.

“बाळ्या,” आत्याचा आवाज आला. “तुझी सावली पडलीय त्याच्यावर. फोटो काढताना बाजूला उभं राहावं, हे तुला कितीदा सांगायचं?”

“हो, आत्या.”

“तुझ्या बायकोनं मोठा करून दाखवला. हिच्या त्या टॅबच्या पाटीवर. चांगलं दिसतं त्याच्यात.” मग आवाज थांबला. शाळेत शिकवायची तेव्हाही ती वाक्यांच्या मधे अशीच थांबायची, आणि वर्ग चिडीचूप व्हायचा.

“तारीख बरोबर आहे ना, आत्या?” बहीण पुढे होऊन म्हणाली. “सतरा नोव्हेंबर. मुलगी असंही लिहिलंय बघ. म्हणजे तूच.”

“वाचलं मी. मला वाचता येतं, चिमे.” पुन्हा थांबणे. “दगड कोरणाऱ्याला मराठी येत नसणार.”

“नाही. इथे कुणालाच येत नाही.”

“मग त्यानं कागदावर होतं तसंच्या तसं उतरवलं. अक्षर तात्याचं आहे.”

दोघांनी एकदम दगडाकडे पाहिले.

“ती वरची रेघ बघा,” आत्या म्हणाली. “शब्द संपला तरी रेघ बोटभर पुढे जाते. कपडे वाळत घालायची दोरी. मला अक्षरं त्यानंच शिकवली, म्हणून माझीही तशीच जायची. ट्रेनिंगला गेले तेव्हा बाईंनी महिनाभर पट्टी घेऊन ती रेघ तोडली.”

खरेच होते. प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटच्या अक्षराला ओलांडून पुढे गेली होती आणि कोरणाऱ्याने ती इमानाने, दगड संपेपर्यंत, नेली होती. तो इतका वेळ फक्त आकडे वाचत होता.

“आत्या,” तो म्हणाला, “अगं, तात्यांनी कागदावर लिहून पोस्टानं पाठवलं असेल. कुणाकडून तरी...”

बहिणीने चमकून त्याच्याकडे पाहिले. हे वाक्य आपल्याच तोंडून आले, यावर त्याचाही विश्वास बसत नव्हता.

“नाही रे,” आत्या म्हणाली. “पोस्टानं पाठवलेलं काम तात्याला पटायचं नाही. दळण आणायलासुद्धा स्वतः जायचा.” फोनमधून घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती. “डोळ्यांच्या वेळेला गेला असेल. मी सत्तावीस वर्षांची होते. स्टेशनवर सोडायला मीच गेले होते. म्हटलं, एवढी मोठी ट्रंक कशाला, दवाखान्यात का कुणी ट्रंक नेतं? तर म्हणाला, तिकडे थंडी असते.”

बहीण दगडाशी उकिडवी बसली.

“वाटेतला डबा मी करून दिला होता,” आत्या म्हणाली.

तिला आत्ता कळले, की कधीपासून माहीत होते, की तिलाही त्याच्यासारखेच अजून काही धड समजले नव्हते, हे आवाजावरून त्याला ओळखता येईना. तो रजिस्टरमधल्या सालाबद्दल बोलायला तोंड उघडणार होता. पण तिने साल विचारलेच नाही.

“त्या कचेरीतल्या बाई आहेत का तिथे?”

“आहेत.”

“त्यांना एक विचार. बाबाचं नको, बाबाचं राहू दे.” आत्या म्हणाली. “तात्या तिथे कुठे उतरला होता ते विचार. चार महिने होते ते. ओळखीचं कुणी नाही, हातात कुणाचा पत्ता नाही. दिवसभर दवाखान्यात बाबापाशी बसला असेल, त्यानंतर त्या थडग्यापाशी. बाहेरचं खाणं त्याला सोसायचं नाही. कुणी जेवायला घातलं का त्याला, विचार.”

बहीण दगडाशी उकिडवी बसली होती. उत्तर नेहमी तिच्या जिभेवर असायचे; आता ती पायथ्याजवळचे गवत एकेक पाते करून उपटत होती.

“विचारतो, आत्या,” तो म्हणाला, आणि वही उघडी धरून उभ्या असलेल्या बाईंकडे वळला.